चारशे सातचा पूजेचा कोपरा

चार डबे भंगारात काढल्याचं पत्र सिक लाईनवर आलं, त्या दिवशी शिवकांताबाई दहाच्या चहाला आल्या नाहीत. बाकीच्या पाच जणांना तेवढ्यावरून कळलं की आता काहीतरी होणार. बावीस वर्षांच्या नोकरीत बाईंनी साहेबांशी तोंड वाजवलं होतं, युनियनच्या पुढाऱ्याला शेडबाहेर काढलं होतं, पण दहाचा चहा कधी चुकवला नव्हता.

सिक लाईन म्हणजे आजारी डब्यांचा रूळ. धावता धावता ज्याचं काही बिघडतं तो डबा गाडीतून सोडवून इथं आणायचा, बरा करायचा आणि पुन्हा गाडीला जोडायचा. तेर गावापासून बसनं अर्ध्या तासावर एक स्टेशन आहे, त्याच्या मागं असा एक रूळ, एक पत्र्याची शेड आणि सहा माणसं, एवढाच सगळा कारभार. त्या सहांत बाई एकच. साडीवर खाकी शर्ट, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खांद्यावर लांब दांड्याची हातोडी. ऑक्टोबरअखेर त्या रिटायर व्हायच्या होत्या.

त्या बसल्या होत्या चारशे सातमध्ये, दाराजवळच्या बाकावर. पत्रात ज्या चार डब्यांचे नंबर होते त्यात हा पहिला. अठ्ठ्याण्णव साली बनलेला निळा डबा. पंचवीस वर्षं भरली की रेल्वे डब्याला ‘कंडम’ म्हणते. माणसाला निदान साठ तरी मिळतात. दोन वर्षं झाली, चारशे सात गाडीतून काढून इथं कडेच्या रुळावर उभा करून ठेवला होता, आणि आता त्याला गॅसवर कापून वजनावर घालायचं होतं.

बाईंना हे मान्य नव्हतं. आणि जे मान्य नसतं ते गिळून बसायची सवय त्यांना कुणी लावलेलीच नव्हती.

त्यांचा नवरा छोट्या लाईनवर खलाशी, म्हणजे डबेदुरुस्तीतला मदतनीस होता. तो गेला तेव्हा पोरगी श्रीदेवी दुसरीत होती. अनुकंपावर बाईंना त्याच जागी घेतलं, म्हणजे कागदावर घेतलं. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी त्यांच्या हातात किटली आली. बाईमाणूस, डब्याखाली कशाला जाईल? पाच वर्षं त्यांनी चहा केला, शेड झाडली, साहेबांच्या टेबलावरची धूळ पुसली. मग मोठी लाईन आली, छोटी गाडी इतिहासजमा झाली आणि शेडमध्ये पहिला मोठा डबा आला, तो हा चारशे सात. त्या सकाळी बाईंनी किटली साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, “साहेब, मला नवऱ्याच्या जागेवर घेतलंय. माझा नवरा चहा करत न्हवता.”

साहेबांनी किटली बाजूला सारली. पुढं आले ते कल्याणप्पा मिस्त्री. ते मुरुमचे, घरात कानडी, बाहेर मराठी, शेडमधले सगळ्यात जुने. त्यांनी कोपऱ्यातली हातोडी उचलून बाईंच्या हातात दिली. “चल, तंगी,” म्हणाले. तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. त्या दिवसापासून तेच नाव पडलं.

अप्पांनी त्यांना ठोकून ऐकायला शिकवलं. डब्याखालचा एकेक भाग, चाक, स्प्रिंग, बोल्ट, आडवे-उभे लोखंडी पट्टे, सगळ्यांवर हातोडी मारायची आणि कान द्यायचा. धड लोखंड ठण्ण बोलतं. सैल झालेलं, तडा गेलेलं, आतून गंजलेलं भद करतं. अप्पा म्हणायचे, “डोळ्याचं ऐकू नको. रंग डोळ्याला फसवतो, कानाला न्हाय.” दोन वर्षांत बाईंचा कान असा तयार झाला की तपासायला आलेले साहेबसुद्धा कागदावर सही करण्याआधी त्यांच्या तोंडाकडं बघायचे.

फक्त एका जागी त्यांनी कधी हातोडी मारली नाही. पहिल्या वर्षी खंडेनवमीला शेडमध्ये हत्यारांची पूजा झाली तेव्हा कल्याणप्पांनी चारशे सातच्या मागच्या दाराखाली, धक्का झेलणाऱ्या बफरच्या बाजूच्या कोपऱ्यावर, विभूती लावली, कुंकू लावलं आणि तिथंच नारळ फोडला. मोठ्या लाईनचा पहिला डबा, मान त्याचा. पुढं दरवर्षी खंडेनवमीच्या आधी चारशे सात दुरुस्तीच्या नावाखाली शेडमध्ये यायचाच, कसा यायचा ते कुणी विचारू नये. त्याच कोपऱ्यावर पूजा, तिथंच नारळ. “हितं देव बसलाय. हितं हातोडी लावायची न्हाय,” हा अप्पांचा कायदा. डबा मोठ्या कारखान्यात रंगायला जायचा तेव्हा तिथल्या माणसांनीही कुंकू बघून त्या कोपऱ्यावर ब्रश हलकाच फिरवला असणार. आपल्याकडं माणूस कितीही शिकलेला असो, कुंकू लावलेल्या जागेला पाय लागला तरी हात छातीला जातो. तिथं हातोडी कोण मारणार?

तर असा तो चारशे सात. बाईंच्या हातात पहिली हातोडी त्याच्यापुढं आली. श्रीदेवी त्याच डब्यात बसून तीन वर्षं लातूरला अपडाऊन करून नर्स झाली. त्याला कापू द्यायचं नाही, हे बाईंनी बाकावर बसल्या बसल्या ठरवलं, आणि नुसतं रडगाणं गायला गेलो तर साहेब हसतील हेही त्यांना कळत होतं. म्हणून त्या उठल्या ते एक मागणी घेऊन उठल्या.

सकाळची गाडी सातला येते. गावोगावच्या पोरी त्या गाडीनं उतरतात, आणि तालुक्याची लायब्ररी उघडते दहाला. तीन तास त्या पोरी प्लॅटफॉर्मच्या बाकांवर भरतीची पुस्तकं मांडीवर घेऊन बसतात. त्या बाकांसमोर कोण कोण येऊन उभं राहतं, काय काय बोलतं, मोबाईल कसे धरतं, ते बाईंनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. दोनदा त्या हातोडी घेऊन प्लॅटफॉर्मवर गेल्याही होत्या. पण तिसऱ्यांदा, चौथ्यांदा कोण जाणार? आणि ऑक्टोबरनंतर?

“डबा स्टेशनासमोर ठेवा,” त्या साहेबांना म्हणाल्या. “पोरींची अभ्यासिका करा. दार आतून लावता येतंय, खिडक्यांना गज हायेत, पंखे हायेत. अजून काय पायजे?”

“शिवकांताबाई, डबा कंडम झालाय. आता ते नुसतं लोखंड आहे.”

“मग दोन महिन्यांनी मीबी कंडमच की. मलाबी कापणार व्हय?”

साहेब हसले. बाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्या सातच्या गाडीत चढून एक स्टेशन पुढं जायच्या आणि परत यायच्या, हातात वही. आठवड्यात त्या वहीत तीनशे सह्या झाल्या, सगळ्या बायकांच्या, पोरींच्या. एका आजीनं अंगठा दिला आणि वर नातीचं नाव लिहायला लावलं.

त्यात कैवल्य आला. तुळजापूरचा, आता पुण्यात कॉम्प्युटरवर काम करणारा, सव्वीस वर्षांचा. रेल्वेचा वेडा. त्याचे वडील मास्तर, ते याच डब्यातून अपडाऊन करायचे. पहिल्या दिवशी त्यानं चारशे सातच्या दाराच्या दांड्यावरून हात फिरवला आणि त्याचे डोळे भरले. बाईंना आधी वाटलं, पोराचं काही हरवलंय. मग कळलं की असे वीस-पंचवीस जण आहेत, त्यांचा ग्रुप आहे, कुठला डबा कुठल्या साली कुठं रंगला ते त्यांना तोंडपाठ आहे. डब्याखाली कुठं काय असतं यातलं ओ की ठो माहीत नाही, ते सोडा. पण पोरांचा जीव खरा होता. कैवल्यनं फोटो टाकले, वहीचा फोटो टाकला, पेपरात बातमी आली, आणि वरून साहेबांना फोन आला.

साहेब शेडमध्ये आले. “बाई, जिंकलात. स्टेशनासमोरच्या रुळाच्या तुकड्यावर ठेवू. पण त्यात पोरी बसणार. खालून सगळा ठोकून बघा आणि सही करा. तुम्ही केलीत की मी डोळे झाकून करतो.”

बाईंनी त्या दिवशी घरी जाताना पेढे घेतले.

तपासणीचा दिवस म्हणजे जत्रा झाली. कैवल्यची मंडळी झेंडूचे हार घेऊन आली, सातच्या गाडीच्या पोरी अभ्यास बुडवून आल्या. मुरुमहून कल्याणप्पा आले, रिटायर होऊनही दर खंडेनवमीला यायचे तसेच, वय त्र्याहत्तर, काठी टेकत, पांढरं धोतर, आणि आल्या आल्या त्यांनी आपल्या हातानं त्या कोपऱ्यावर ताजी विभूती लावली. साहेब कागद आणि पेन घेऊन उभे. दाराला लावायच्या लोखंडी पायऱ्या वेल्डरनं आधीच तयार करून आणल्या होत्या. मागच्या दाराला लागणार होत्या त्या.

बाईंनी पदर खोचला आणि डब्याखाली शिरल्या. ठण्ण. ठण्ण. चाकं धड. स्प्रिंगा धड. मधले पट्टे धड. प्रत्येक ठण्णला बाहेर टाळ्या पडत होत्या, जणू त्या डबा तपासत नव्हत्या, वाजवत होत्या. पुढचे दोन्ही कोपरे धड. मागचा डावा धड. मग त्या बाहेर आल्या, कंबर सरळ केली, आणि मागच्या उजव्या कोपऱ्यासमोर उभ्या राहिल्या. विभूती, तिच्यावर कुंकू, त्याच्याखाली गेल्या वर्षीचं कुंकू, त्याच्याखाली त्याच्या आधीचं. बोटभर जाड थर.

“झालं ना?” साहेबांनी पेनचं टोपण काढलं.

“झालं,” कल्याणप्पा म्हणाले. “तो देवाचा कोपरा.”

बाई हलल्या नाहीत. चारशे सातचा वीत न वीत त्यांनी सतरा वर्षं ठोकून बघितला होता, एवढी वीत सोडून. सतरा नारळ. सतरा नारळांचं पाणी कुठं गेलं? वर संडास, त्याचं ओलं खाली झिरपणार ते इथंच. त्यावर कुंकवाचा थर, ओल धरून ठेवणारा. त्यावर रंग. आणि पायऱ्या टेकणार त्या नेमक्या इथं, रोज पन्नास पोरी चढणार त्या इथून. हे सगळं त्यांना आत्ता, टाळ्या चालू असताना सुचलं, आणि आधी कधीच सुचलं नव्हतं याची त्यांना लाज वाटली.

सोडून दिलं असतं तर कुणी विचारलं नसतं. उलट मारलं तर सगळे विचारणार होते. डबा त्यांना हवा होता, तिथल्या कुणाहीपेक्षा जास्त हवा होता. हात जड झाला, हे त्यांनी पुढं श्रीदेवीला सांगितलं. इतका जड नवरा गेला तेव्हाही झाला नव्हता.

“तंगी,” कल्याणप्पा म्हणाले. त्यांनी ओळखलं होतं.

बाईंनी मारली.

भद.

टाळ्या थांबल्या. बाईंनी दुसरी मारली, पूर्ण हातानं, आणि हातोडीचं डोकं आत गेलं ते दांड्यापर्यंत. बाहेर ओढली तेव्हा तिच्याबरोबर गंजाचा आणि कुंकवाचा लाल चिखल बाहेर आला आणि त्यांच्या चपलेवर पडला. त्यांनी भोकात बोटं घालून बघितलं. आतला मुख्य पट्टा पापडासारखा हातात आला.

“देवावर हात उचललास,” कल्याणप्पा म्हणाले.

“देव तिथं न्हवता अप्पा. पाणी होतं.”

अप्पांनी काठी उचलली आणि ते बसस्टँडकडं चालायला लागले. कुणीतरी मागं गेलं, त्याला त्यांनी हातानंच परत पाठवलं.

“मावशी, का मारलंत?” कैवल्य जवळजवळ रडत होता. “वरून एक पत्रा वेल्ड केला असता. कुणाला कळलं असतं?”

“कळलं नसतं. म्हणूनच मारली. पत्र्यावर पत्रा मारला की आतलं दिसत न्हाय, एवढंच होतं. पोरी चढणार हायेत हितनं, फोटो न्हाय.” मग त्यांनी चपलेवरचा लाल चिखल झटकला. “आन् चूक तुझी न्हाय, अप्पांचीबी न्हाय. चूक माजी. सतरा वर्षं मी हात जोडले, कान लावला न्हाय. ह्यातनं माजी पोरगी गेली की रे रोज.”

त्यांनी शर्टच्या खिशातून खडू काढला आणि चारशे सातच्या अंगावर मोठ्या अक्षरात स्वतः लिहिलं: कंडम. लिहिताना त्या रडत होत्या, आणि तोंड कुणापासून लपवत नव्हत्या. साहेबांनी पेनचं टोपण लावलं. मंडळी हार घेऊन तशीच उभी राहिली, आता घालायचे की न्यायचे ते कुणाला कळेना. पोरी एकमेकींचा हात धरून परत जायला वळल्या, आणि ते वळणं बाईंना दिसलं.

“ए, थांबा!” त्या ओरडल्या. “अभ्यासिका झाल्याबिगर मी रिटायर होत न्हाय. साहेब, चारशे अकरा.”

चारशे अकरा त्याच रुळावर मागं उभा होता, चारातला शेवटचा. त्याच्यावर कुणाचाच जीव नव्हता. त्यातले दिवे कायम बंद असायचे, एक खिडकी उघडली की लागायची नाही, अपडाऊनवाल्या बायका त्याला ‘अंधारकोठी’ म्हणायच्या आणि शेजारच्या डब्यात दाटीनं उभ्या राहायच्या.

“त्याला काही इतिहास नाही, मावशी,” कैवल्य म्हणाला.

“मग करू की. त्यात बसून चार पोरी पास झाल्या की झाला इतिहास.”

“पण मंजुरी चारशे सातची आहे,” साहेब म्हणाले.

“सातचे अकरा करायला किती शाई लागती, साहेब?” आणि उत्तराची वाट न बघता त्या चारशे अकराखाली शिरल्या. ठण्ण. ठण्ण. या वेळी टाळ्या नव्हत्या. उन्हात उभ्या राहिलेल्या पोरी मोजत होत्या नुसत्या. चारी कोपरे झाले, चारी बोलले. या डब्याला कुणी कधी नारळ वाढवला नव्हता, कुंकू लावलं नव्हतं, आणि म्हणून तो धड राहिला होता. बाई बाहेर आल्या, केसांतली माती झटकली आणि कागदावर सही केली. साहेबांना शाई लागली थोडी जास्त, वरपर्यंत पत्र लिहावं लागलं. पण त्यांनी ते लिहिलं, एवढं त्यांच्या नावावर मांडायला हवं.

चारशे सात पंधरा दिवसांनी कापला. ग्रुपमधला एकटा कैवल्य आला. कॅमेरा आणला होता, पण पिशवीतून काढला नाही. गॅसची निळी जीभ पहिल्यांदा पत्र्याला लागली तेव्हा त्यानं तोंड फिरवलं. बाईंनी फिरवलं नाही. दाराजवळचा बाक खाली पडला, तोही त्यांनी पाहिला. दहा वाजता त्या शेडमध्ये गेल्या, माळ्यावरून जुनी किटली काढली, घासली आणि कापणाऱ्या माणसांना स्वतःच्या हातानं चहा करून दिला. सतरा वर्षांत बाईंनी शेडमध्ये चहा केला नव्हता, पण त्या दिवशी कुणी थट्टा केली नाही. कैवल्यला नंबर रंगवलेला पत्र्याचा तुकडा मिळाला. बाईंनी काहीच घेतलं नाही.

कल्याणप्पांना त्यांनी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा सुनेनं घेतला. “मामंजी झोपलेत,” ती सांगायची, सकाळी दहा वाजता.

खंडेनवमीपर्यंत चारशे अकरा स्टेशनासमोर उभा राहिला. कैवल्यच्या मंडळींनी दोन रविवार येऊन तो रंगवला, दिवे जोडले, न लागणारी खिडकी लागती केली. जुन्याच निळ्या रंगात रंगवला, त्यावर मात्र ते अडून बसले, आणि बाईंनी त्यांना अडू दिलं. पायऱ्या मागच्या दाराला लागल्या. खंडेनवमीच्या सकाळी सातच्या गाडीनं पोरी उतरल्या आणि पुस्तकं छातीशी धरून डब्यासमोर उभ्या राहिल्या. शेडमधले पाच जण ताट, नारळ, फुलं घेऊन आले. साहेब आले. पूजा करायची कुणी, हा प्रश्न होता. शेडमध्ये आजवर ती एकाच माणसानं केली होती.

ते माणूस सातच्याच गाडीनं आलं होतं. शेवटच्या डब्यातून उतरून, काठी टेकत, प्लॅटफॉर्मची सगळी लांबी चालून येईपर्यंत कुणाचं लक्ष नव्हतं. कल्याणप्पा आले, बाईंकडं न बघता थेट मागच्या दाराशी गेले आणि पायऱ्यांच्या बाजूच्या कोपऱ्यासमोर थांबले. शेडमधल्या एकानं लगबगीनं विभूतीचं ताट पुढं केलं. अप्पांनी ते हातानं बाजूला सारलं.

“आधी हातोडी दे,” ते म्हणाले.

बाईंनी खांद्यावरची हातोडी उतरवून दिली. अप्पांनी दोन्ही हातांनी धरली आणि मारली. फटका कसला, नुसता स्पर्श. त्यांनी कान पुढं केला, मान हलवली. “मला ऐकू येत न्हाय आता, तंगी. तू मार.” आणि आपला तळहात त्यांनी कोपऱ्याशेजारच्या लोखंडावर सपाट ठेवला.

बाईंनी मारली. आवाज स्टेशनाच्या पलीकडच्या शेतापर्यंत गेला. अप्पांचा तळहात थरारला, आणि तो थरार थांबेपर्यंत त्यांनी हात काढला नाही.

“हं,” ते म्हणाले. “आता आणा कुंकू.”

त्यांनी विभूतीचे तीन पट्टे ओढले, एवढंसं कुंकू लावलं, आणि नारळ डब्यावर न फोडता खाली दगडावर फोडला. मग ओल्या फडक्यानं तो कोपरा त्यांनी स्वतःच लख्ख पुसून टाकला, आणि बाईंनी पोरींना वर चढायला सांगितलं.